ळचा उजवा डोळा

आडनाव डोळस.
नाना पेठेत, मागच्या गल्लीत,
सायकलच्या ट्यूबा विकणाऱ्याला लागून
आठ बाय नऊचं दुकान.
वडील पट्ट्याच्या आतल्या अंगाला
आरीच्या टोकाने एक टिंब टोचायचे, बस्स.
तेवढीच त्यांची सही.
मला नाव हवं होतं.

अंगठ्याएवढा पितळी शिक्का
भोसरीच्या एका कारखान्यात सांगितला.
दोन हजार आठशे, सगळे आगाऊ.
अक्षरं मीच काढून दिली, बोरूने,
तीन रात्री बसून,
ळच्या दोन्ही गाठी मोकळ्या,
आरपार दिसेल अशा.
"दहा दिवसांत," म्हणाली फोनवरची केतकी.

एकतिसाव्या दिवशी आला,
थर्माकोलच्या डबीत, चकचकीत,
देवघरातल्या घंटीसारखा.
बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं
ओल्या फडक्याने पुसलं,
ऐरणीवर ठेवलं, श्वास रोखला,
मोगरी घातली.

डो ठीक.
स जरा लंगडा, चालेल.
आणि ळचा उजवा डोळा
बुजलेला, गच्च,
मोतीबिंदू पिकल्यासारखा.

फोन केला. "फोटो पाठवा."
पाठवला. "अंधार आहे फोटोत."
दुपारच्या उन्हात गल्लीत उभी राहून परत काढला,
ट्यूबवाला विचारत होता, काय हरवलं?
"मॅडम, दाब कमी पडला असेल."
दाब वाढवला.
बुजलेलं आणखी ठळक बुजलं.
"चामडं जरा चांगलं घेत चला, मॅडम."
हे मला. तिसऱ्या पिढीला.
"इंग्रजीत घेतलं असतं तर छान उठलं असतं."
मग केतकीच्या जागी ऋत्विज आला,
ऋत्विजला माझी ऑर्डरच सापडेना,
आणि त्यानंतर नुसती बासरी,
थांबा म्हणणारी,
तीच ओळ, तीच ओळ.

पीएमटीने भोसरी गाठली.
काउंटरवरच्या माणसाने शिक्का
नखावर घासून बघितला, जणू हळद आहे,
म्हणाला, "वाचता तर येतंय ना?"
त्याच्या मागे भिंतीवर लिहिलेलं,
एकदा विकलेला माल
आणि पुढचं कपाटाने झाकलेलं.
पुढचं मला पाठ होतं.

परतताना खिडकीशी बसून पुसत राहिले
तर सोनेरी रंग रुमालावर उतरला.
आत करडं जस्त.

त्याच संध्याकाळी वारज्याहून एक मुलगी आली,
हातात माझाच पट्टा, दिवाळीत नेलेला,
बकलापाशी शिवण उसवलेली.
वाक्य तोंडात तयार होतं,
तडतडत्या मोहरीसारखं:
वापरण्यात काहीतरी चुकलं असेल.
जिभेवर आलं आणि ओळखीचं वाटलं.
आवाजसुद्धा माझा नव्हता, केतकीचा होता.

मी पट्टा उलटा केला.
टाके माझेच.
शेवटचे दोन परत फिरवायचे राहिलेले,
पाडव्याच्या आदल्या रात्री, घाईत,
पावणेबाराला, झोपेने डोळे मिटत असताना.
"माझं चुकलंय," म्हटलं. "बस जरा."

मेण लावलेला दोरा, दोन सुया.
ती स्टुलावर पाय हलवत बसली,
तिच्या मांजराचं काहीतरी सांगत होती,
पट्टा त्यानेच ओढला म्हणून.
हे तिने उगाच सांगितलं.
मी मांजराला सोडून दिलं.

पैसे घेतले नाहीत.
देण्याआधी आतल्या अंगाला,
कुणी बघणार नाही तिथे,
आरीचं टोक टेकवलं
आणि एक टिंब टोचलं.

शिक्का आता पावत्यांवर असतो,
पंख्याने उडू नयेत म्हणून.
खोटं कशाला बोलू,
वजन बरं आहे त्याला.