चाळीस तास

वजा ऐंशीच्या फ्रीजरचं दार उघडलं
की धुकं उतरतं पावलांवर.
एकतीस वर्षांत एवढ्या एकाच गोष्टीची सवय झाली नाही:
वेंगुर्ल्याच्या बंदरापासून दोनशे पावलांवर
हे बिनवासाचं धुकं.

आज कुप्या मोजून द्यायच्या आहेत,
निवृत्तीच्या कागदांत तसा रकानाच आहे.
चिठ्ठ्यांवर माझं अक्षर, काहींची शाई उडालेली.
ऑक्टोबर ब्याण्णव. निवती. सगुणकाकाची रापण.

रापणीत बांगड्यांबरोबर नको ते यायचं.
शंकूसारखे शंख, तपकिरी नक्षीचे.
पोरांचा हात लागू नये म्हणून
काका वल्ह्याच्या टोकानं ते लांब सारायचा.
"हेचो काटो लागलो तर मासो थंयच गप."
गप म्हणजे?
"गप म्हणजे गप. जितो आसता, पण हलणा नाय."
माझा पहिला शोधनिबंध या एका वाक्यावर उभा आहे.
संदर्भयादीत त्याचं नाव नाही.

त्या विषात शंभरावर पेप्टाइडं होती,
प्रत्येकाला मज्जेचं कुठलं ना कुठलं दार ठाऊक.
त्यातलं एक मारत नव्हतं.
एकोणीस मण्यांची माळ, दोन ठिकाणी गंधकाची गाठ,
गाठ सुटली की उरतो नुसता दोरा.

मरणाऱ्या पेशीचा आवाज होत नाही.
सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या फांद्या आधी गाठाळतात,
मग तुटक होतात,
मग काचेवर ठिपके, कुणी पुसायचे राहिलेले.
रात्रभर बसून मी हे हजार वेळा पाहिलं
आणि मग एका पहाटे पाहिलं नाही.
फांद्या होत्या. दुपारीही होत्या.
आमच्या माळेनं त्यांना चाळीस तास दिले.
जास्त नाही. चाळीस तास.
मी खाली जाऊन टपरीवर दोन भजी-पाव खाल्ले, उभ्यानंच,
कुणाला सांगावं ते सुचेना.

उंदरांतही जमलं.
माणसांत नाही.
रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी भिंत आहे
तिच्यात आमच्या माळेला फट सापडली नाही.
पुण्याहून आलेल्या आलेखात दोन रेषा,
औषध घेतलेल्यांची, आणि नुसतं मिठाचं पाणी घेतलेल्यांची,
एकमेकींच्या अंगावर झोपलेल्या.
मिठाचं पाणी.
त्या आठवड्यात मी खिडकी उघडलीच नाही.

तोवर काकाच्या अंगठ्याला कंप सुटला होता.
आधी काडी पेटेना, मग जाळ्याची गाठ बसेना.
मी शनिवारी गेले की ओसरीवरून विचारायचा,
"तुजा औषद झाला काय गो?"
होतंय, मी म्हणायचे.
आलेख आल्यावरसुद्धा एकदा म्हटलं, होतंय.
त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं,
आयुष्यभर पाण्याकडे बघितलं तसं,
आणि म्हणाला, "होऊंदे. घाय नाय."

त्यानं शेवटी विणलेलं जाळं अजून वापरात आहे.
एका कडेला हातभर गाठी सैल, तिरक्या,
कुठे दोन घरांचं एकच मोठं घर झालेलं.
तिथून मासे निसटतात, त्याचा मुलगा सांगतो.
बाकीचं जाळं दर वर्षी दुरुस्त करतो.
तेवढी कड नाही.

कुपी चारशे सतरा. शेवटची.
नफीसा परकार वहीत टिपून घेते आहे,
दाभोळची, सत्तावीस वर्षांची, माझ्यापेक्षा पुष्कळ अधीर.
"मॅडम, चौदावा मणी बदलून बघितला होता का तुम्ही?"
नव्हता.
का नव्हता, ते आता आठवत नाही,
त्या साली पैसे नव्हते, किंवा मीच दमले होते.
"मग मी बघते," ती म्हणते, मान वर न करता.

किल्ली तिच्यापुढे ठेवली.
भाषणासारखं काहीतरी मनात होतं.
एवढंच सांगितलं की वीज गेली
तर इथला जनरेटर पाच मिनिटं उशिरा लागतो,
तेवढा वेळ दार उघडायचं नाही.