दहा तेत्री

ग्ल्दानीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
वर जायला दहा तेत्री घ्यायची.
उतरणं फुकट.
तिबिलिसीत आल्यावर मी पहिल्यांदा शिकले ते हे;
भूमापनाचं पुस्तक नंतर उघडलं.

नवव्या मजल्यावर आम्ही तिघी.
मी, मारेखी, आणि आजीचं नाव लावणारी झुझुना,
जी झोपेत रसायनांची सूत्रं पुटपुटायची
आणि जागेपणी कुणाशी धड बोलायची नाही.
तीन तिघाडा म्हणतात, पण आमचं बिघडलं नाही फारसं.
भांडलो ते गरम पाण्यावरून,
आणि एकदा, कायमच्या लक्षात राहील असं,
अर्ध्या चीजवरून.

तिघींत कोट एक.
राखाडी, लोकरीचा, डाव्या बाहीला इस्त्रीचा डाग.
जिची मुलाखत तिने घालायचा,
बाकीच्या दोघींनी खिडकीतून बघायचं
खाली अंगणात आपला कोट
आपल्याशिवाय कसा चालतोय ते.

पहाटे पाच ते आठ मी वालिकोच्या भट्टीवर.
तो कमरेपर्यंत आत वाकून
भिंतीला पाव थापायचा, पाय हवेत,
मला दर वेळी वाटायचं, आज गेला हा.
मग होडीसारखा पाव आकड्याने ओढून काढायचा
आणि मी कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला द्यायची.
कॉलेजात शेजारचा मुलगा विचारायचा,
तुझ्या वहीला पिठाचा वास कसा?
मी म्हणायची, वहीला विचार.

आई तेव्हा इटलीत, बारीला.
एका म्हातारीला उठवणं, बसवणं, भरवणं.
म्हातारी झोपली की तिचा फोन यायचा
आणि ती कुजबुजत बोलायची.
मग मीही कुजबुजायची,
माझ्याकडे कुणी झोपलेलं नसताना.
अंडी कितीला झाली? कुजबुज.
परीक्षा कधी? कुजबुज.
लिफ्टला सुटे आहेत ना? कुजबुज.
आहेत म्हणायची मी,
आणि महिनाअखेरीला
एकशे चव्वेचाळीस पायऱ्या चढायची.

नोकरी लागली, नदीकाठच्या काचेच्या इमारतीत.
जुनी घरं मोजायची, कागदावर उतरवायची;
पुढे त्यांचं काय होतं ते विचारायचं नाही.
पहिल्या दिवशी लिफ्टपाशी
मी खिसे चाचपत उभी राहिले.
मागून कुणीतरी म्हणालं, बाई, बटण दाबा.
दाबलं.
वर जाताना कुणीच काही मागेना,
आणि मला, का कोण जाणे, चोरी केल्यासारखं झालं.

पहिल्या पगारात बूट घेतले.
दुसऱ्यात झुझुनाचे उसने फेडले; ती मोजत बसली नाही,
मान हलवली आणि पुन्हा वाचायला लागली.
तिसऱ्यात कोट घेणार होते स्वतःचा,
पण मारेखी पोलंडला गेली
तो जुना कोट अंगात घालून.
तिच्याच मावशीचा तो, बोलणार कोण?
तरी त्या थंडीत मी तिला
रोज सकाळी एक शिवी दिली, प्रेमाने,
बसस्टॉपवर.

पाच वर्षांनी आई आली, दहा दिवसांसाठी.
बारीक झालेली. बोलताना मध्येच इटालियन शब्द.
लिफ्टपाशी तिने पर्स उघडली,
आतला कप्पा, त्यातला रुमाल, रुमालाची गाठ,
आणि दहा तेत्रीचं नाणं पुढे केलं.
इतकी वर्षं तिकडे जपून ठेवलेलं.

आता कार्ड लागतं गं, मी म्हणाले.
तिने यंत्राकडे पाहिलं. फट बुजवलेली होती.
मग हे कुठे टाकू?

मी कार्ड टेकवलं.
नऊ मजले ती मूठ मिटून उभी.

रात्री तिने बटाटे सोलले, मी कांदा.
झुझुना गावी गेलेली, तिसरी खाट रिकामी.
घरात झोपलेलं कुणीच नव्हतं,
तरी आम्ही दोघी
कुजबुजतच बोललो.