टोपलीचं वजन वजा

सर्जेकोटच्या जेटीवर काटा माझ्याकडे.
पहाटे साडेपाचला पहिली होडी लागते,
क्रेट चढतो, आकडा थरथरतो, ठरतो.
मी ओरडते : बांगडा, बत्तीस दोनशे!
मग वहीत क्रेटचे दोन किलो वजा,
बर्फाचा अंदाज वजा,
उरेल तो मासा.
अकरा वर्षांत कुणी म्हटलं नाही
हेमांगीचा काटा खोटा.

त्याच काट्यावर एकदा मी उभी राहिले.
लिलाव संपला होता, जेटी धुऊन झाली होती,
बघायला फक्त मांजरं.
एकशे अठरा सहाशे.
चपला काढल्या. एकशे अठरा दोनशे.
हात मंगळसूत्राकडे गेला
आणि माझं मलाच हसू आलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी
औषधाच्या चिठ्ठीमागे पिशवी काढली,
मधून एक रेघ.
एवढं काढायचं. राहील ते वेलची केळ्याएवढं.
साखर उतरेल, गुडघे वाचतील.
मी विचारलं, वजन परत येतं?
काहींचं येतं, त्या म्हणाल्या.
आणि टेबलावरच काही झालं तर?
फार क्वचित.
माझ्या वहीत क्वचितचा रकाना नाही.
खर्चाचा आहे. तेवढ्यात जुनं इंजिन येतं,
नंदू दोन वर्षं शोधतोय तसलं.
तो म्हणतो, इंजिन थांबेल.
म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

गगनबावड्याच्या वळणांवर एस.टी.त बसून
मी वजाबाकी करत होते.
यातली टोपली कुठली?
बर्फ किती?
मासा किती?

त्या ऑक्टोबरात नंदूची होडी सहा दिवस लागली नव्हती.
दिवसा मी सगळ्यांना पेज वाढायची
आणि रात्री दिवा न लावता
चुलीशी उभी राहून थंड भात खायची,
टोपात हात घालून, तळ लागेपर्यंत.
सातव्या दिवशी नंदू परत आला.
हात परत आला नाही.
तो अजून टोपाकडेच जातो.
डॉक्टरीणबाई, तो हात
रेघेच्या अलीकडे येतो की पलीकडे?
हे विचारायचं राहून गेलं.

शर्वरी मेतरनं दोन वर्षांपूर्वी करून घेतलं.
चुलतभावाच्या लग्नात भेटली,
ब्लाऊजला चार टाचण्या, केस विरळ,
पानात वड्याचा एक तुकडा, तोही मोडून ठेवलेला.
जिना मात्र धावत चढली.
म्हटलं, कसं वाटतं गं?
"भूक जाता गो," म्हणाली.
"पण सांजेक साडेसातांक काय करूचा ता समजणा नाय."

मला तिरफळाचा वास नाकात ठेवून
अर्धी वाटी पेज चमच्यानं पिता येईल का?
येईलही.
माणूस कशालाही सरावतं,
मी तर मधे बसायला सरावले.

तळाशीलला जाणाऱ्या तरीत
इनास मला रोज सांगतो, "बाये, मदी बस हां."
वाईट नाही तो. होडीचं बघावंच लागतं.
बाकीच्या काठाला बसतात,
माझी शमिका तर कोपरापर्यंत हात खाडीत सोडते.
अकरा वर्षं मी ही खाडी ओलांडते आहे
आणि पाणी कसं लागतं ते ठाऊक नाही.

आज शेवटच्या फेरीला दोघंच.
पिशवीत फॉर्म, सहीची जागा कोरी.
इनासनं तोंड उघडलं तेवढ्यात मी काठाला बसले.
होडी कलंडली.
तो काही बोलला नाही.
वल्हं न थांबवता
नुसता दुसऱ्या बाजूला सरकला,
थोडा, मग अजून थोडा.
होडी सरळ झाली.

मी हात सोडला.
वर कोमट, बोटभर खाली गार.

फोन वाजला. कोल्हापूरचा नंबर.
ओल्या हातानंच उचलला.
"हेमांगी कुबल?"
हो, म्हटलं,
बोला.