सदुसष्ट टक्क्यांवर

रेष कागदावर नाही,
हे मी सातगोंडा मगदूमांना तिसऱ्यांदा सांगतेय.
लक्ष्मीपुरीत दुपारचे साडेतीन, धान्याच्या पोत्यांची धूळ
जिना चढून कीबोर्डात शिरलेली,
पडद्यावर दूध संस्थेचा वार्षिक अहवाल,
पान तीन, चेअरमनांचं मनोगत, फेट्यातला फोटो
आणि गळ्यावरून आरपार
केसाएवढी, पांढरी.

"म्हंजे मुंडकं येगळं?" ते म्हणाले.
"अन् परवा सभा हाय."

चारशे टक्क्यांवर रेष नाही.
शंभरावर नाही.
सदुसष्टवर आहे, अख्खं पान मावतं तिथं,
माणूस जिथून स्वतःकडं बघतो
नेमकी तिथं.

कारण मला ठाऊक होतं.
फोटोमागं सावली त्यांनीच मागितलेली,
"जरा उठाव आला पायजे" म्हणून.
सावली असते मऊ. छपाईला मऊ काही कळत नाही,
फाईल निघताना ती सावलीचे तुकडे करते,
फरश्या बसवाव्यात तशी शेजारी शेजारी लावते,
आणि दोन फरश्यांच्या सांध्यातून
पडदा आपला उजेड सांडतो.
एवढंच.
पण गळ्याच्या बाबतीत
एवढंच म्हणून भागत नाही.

ड्रायव्हर बदलला. रेष तिथंच.
कडा गुळगुळीत करायची खूण काढली,
रेष गेली, अक्षरांना दात आले.
खूण परत लावली.
"सावली काढू?"
"छे छे."

मी शिकले तेव्हा सगळं उलटं होतं.
पडद्यावर कऱ्हाड लखलखीत
आणि कागदावर कऱ्हाडच्या पोटात चौकोन.
एकदा पाचशे पत्रिका छापून झाल्या
आणि वऱ्हाडी मंडळी चौकोनात अडकलेली!
शेडबाळे मास्तर ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले,
मेहरुन, पडदा बघून हो म्हणायचं नाही,
कागद काढायचा.

कागद काढला. गरम बाहेर आला.
मगदूमांनी तो खिडकीशी धरला,
अंगठा गळ्यावरून फिरवला, फोटोतल्या,
मग नकळत स्वतःच्या.
"हितं न्हाई."
"नाही ना."
"मग तितं का दिसतंय?"
मी पुन्हा फरश्या, सांधा, उजेड.
त्यांनी मान हलवली, जपून,
आणि सही केली.
दारातून मात्र एकदा मागं वळले,
कागद काखेत,
डोळे पडद्यावर.

सभेत काय झालं मला माहीत नाही.
बिल वेळेवर आलं.

हल्ली जिन्यावर पाय वाजले
की मी पान शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवते.
अर्धाच माणूस दिसतो,
पण सलग.