टाचणीएवढी जागा

अंगठी काढली, घड्याळ काढलं, पट्ट्याचं बक्कल,
खिशातली किल्ली, केसातली पिन,
सगळं ओताकारच्या टोपीत.
त्यानं फळ्यावर खडूनं लिहिलं:
आत: क्व्येता, नऊ वाजून दहा.
बाहेर: पुढची जागा कोरी.

नमद्याचे जोडे घालून शिडीवरून उतरले
नव्या रिअॅक्टरच्या पोटात.
पोलादाचं पोट, त्यावर काचेचा थर
जेमतेम दीड मिलिमीटर, कोबाल्टचा निळा.
सहा हजार लिटरची पोकळी
आणि तिच्यात माझा एकच श्वास
चहूकडून परत येणारा.

काल रात्री हा आला, अठ्ठावीस चाकांवर.
लाबेवरच्या पुलाशी पोलिसांनी ट्रॉलीबस थांबवल्या.
धुकं इतकं, की आधी नुसते पिवळे दिवे आले
आणि मग, फार वेळानं, तो.
सोबत कंपनीचा पोरगा, वीतेक,
हातात गुळगुळीत माहितीपत्रक:
नवी काच, उकळत्या आम्लालाही दाद न देणारी,
भिंतीतच बसवलेले सेन्सर,
तडा जायच्या आधी फोन करतील म्हणे.
ओताकार म्हणाला, मला रात्री करू नका म्हणावं.

मी ब्रश फिरवते.
तांब्याच्या केसांचा ब्रश, मागे जाड वायर,
केसांच्या टोकांवर हजारो व्होल्ट
काचेवरून सरकतात, पलीकडे जायला वाट हुडकत.
वाट नसली तर काही होत नाही.
माझं काम म्हणजे बहुतेक वेळ
काही न होणं ऐकत राहणं.

बाबा याब्लोनेत्सला झुंबरांचे लोलक ओतायचे.
म्हणायचे, तापवायची घाई एक वेळ चालेल,
निववायची नाही.
घरात कोणी रागावलं तरी ते
त्याला तसंच सोडून द्यायचे, कोपऱ्यात, हळूहळू निवायला.
निळा फारसा वापरत नसत. महाग, म्हणायचे.
बाबा, मी इथे गळ्यापर्यंत निळ्यात उभी आहे
आणि हा कुणाच्या दिवाणखान्यात लागायचा नाही.
झाकण बसलं की आम्ल, वाफ, अंधार.

जुना सात नंबर अंगणात आडवा पडलाय,
एकोणीस वर्षांचा.
त्याच्या आत टॅन्टलमची तीन बटणं,
जिथे जिथे काच दगावली तिथे मीच लावलेली.
पहिलं लावताना हात कापत होते.
दुसरं, ओताकारच्या मनगटावर डाग पडला त्या हिवाळ्यातलं.
तिसऱ्याबद्दल आम्ही बोलत नाही.

आणि इथे, नव्याकोऱ्यात,
तळाच्या वळणावर, नळीच्या तोंडापासून चार बोटं,
चट्.

ब्रश मागे घेतला. पुन्हा नेला.
चट्. पांढरी ठिणगी, तिथेच.
विजेरी लावून पाहिलं तर काहीच नाही,
निळ्यात निळं. बोटालाही लागेना.
खडूनं भोवती गोल काढला
आणि त्या गोलातल्या रिकामेपणाकडे
जरा वेळ बघत बसले.

वरून वीतेकचं डोकं डोकावलं:
कारखान्यात तपासलाय! दाखला आहे आमच्याकडे!
आहे ना. ठिणगीपण आहे.

परत पाठवायचा? ओताकारनं विचारलं.
बटण लावता येईल, मी म्हटलं,
पण पहिल्या दिवशी ठिगळ घालायचं का,
ते ज्यांनी विकलं त्यांनी ठरवावं.
तो हसला नाही. फेब्रुवारीत तो निवृत्त होणार,
हा सुरू झालेला बघून जायचं होतं त्याला.

बाहेर: अकरा वाजून पाच.
टोपीतून एकेक वस्तू त्यानं मोजून दिली.
पिन मिळेना. अस्तर उलटं करून
आम्ही दोघं शोधत राहिलो,
आणि तिकडे धुक्यात वीतेक येरझाऱ्या घालत
फोनवर कुणाला तरी
अंगठा नि तर्जनी चिमटीत धरून दाखवत होता:
एवढंसं, हो, एवढंसंच.