मध्यम कडक

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: मध्यम कडक.
गोळी नाही, मलम नाही. गादी.
अच्युतनं चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली,
जणू कुठलाही केमिस्ट ती वाचून
फळीवरून खाली काढून देईल.

बडोद्यात गादी म्हटलं की लोक अजून
आधी राजवाड्याकडे बघतात.
आम्ही रावपुऱ्याकडे बघितलं.
पहिल्याच दुकानात किरीटभाई
स्वतः पांढऱ्याशुभ्र गादीवर मांडी घालून
मला म्हणाले, "बेन, गादीनो जमानो गयो.
हवे तो मॅट्रेस."

मग फोम, आठवणी ठेवणारा फोम,
काथ्या, रबर, स्प्रिंग,
प्रत्येक स्प्रिंगला शिवलेला वेगळा खिसा.
(माझ्या एकाही ड्रेसला खिसा नाही.)
आमच्या पलंगाचं माप ऐकून किरीटभाईंनी पेन खाली ठेवलं.
सव्वासहा बाय पावणेपाच!
आमच्या लग्नातला मिस्त्री टेपवर कमी
आणि वितीवर जास्त विश्वास ठेवायचा.
त्याची वीत आता कुठल्याच कंपनीत मिळत नाही.

"सूईने जुओ ने, मासी."
झोपून बघा.
पायाखाली प्लॅस्टिक चुरचुरतं,
ओढणी सावरू की चपला, कळत नाही,
छताला सोळा दिवे,
आणि उशाशी हात बांधून तीन माणसं.
एक जण आडवा आणि बाकी सगळे उभे,
असं मी आजवर एकाच प्रसंगी पाहिलंय.
"कसं वाटतंय?"
काय सांगणार. शांत वाटतंय, म्हटलं.

अलकापुरीत पोरानं गादीच्या एका टोकाला
पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला
आणि दुसऱ्या टोकाला स्वतः उड्या मारल्या.
पाणी हललं नाही.
"सर रात्रभर कूस बदलू देत,
तुम्हाला पत्ताच नाही लागणार."

मी ग्लासाकडे बघत राहिले.
सव्वीस वर्षं मला पत्ता लागतोय.
कंपनीला टाळं लागलं तेव्हा
अच्युतच्या आधी मला गादीनं सांगितलं होतं.
त्याच्या आईच्या रिपोर्टचंही.
चौसष्ट हजार. त्यातून एकतीस टक्के कमी,
वर दोन उश्या,
आणि एवढं सगळं कळायचं बंद.

"शंभर रात्री वापरा, नाही आवडली तर परत."
"आणि एकशे एकाव्या रात्री दुखलं तर?"
अच्युतनं विचारलं,
पण उत्तर यायच्या आत तो
काचेजवळच्या गादीवर टेकला, मग कलंडला,
आणि चक्क घोरू लागला.

बाहेर सिग्नलला थांबलेल्या स्कूटरी,
कुल्फी चाटणारी एक मुलगी
काचेला नाक लावून माझ्या नवऱ्याकडे बघतेय.
पोरानं गाणी बंद केली.
मी त्याचा चष्मा हातात धरून बसले.
वीस मिनिटं. एकदाही कूस नाही.
दोन महिन्यांत पहिल्यांदा.

उठला आणि म्हणाला, "हीच."
"सर, हे मॉडेल बंद झालं. ही फक्त शोसाठी आहे."
"मग शोचीच द्या."
"पण सर, ह्याच्यासारखंच नवीन..."
सासूबाई म्हणायच्या,
सारखं म्हणजे ते नव्हे.
मालकाला फोन झाला. मालक सुरतला. मालक नाही म्हणाला.

रात्री जुन्या कापसावर,
दोघांचे दोन खड्डे, मध्ये बांध.
साडेतीनला बांध हलला.
"दुखतंय?"
"नाही."
थोड्या वेळानं: "वाडीत एक जण मापाप्रमाणे करतो म्हणे.
चिठ्ठी कुठाय?"
"शर्टाच्या खिशात."
"कुठल्या?"

संध्याकाळीच मी मशीन लावलं होतं.
दोरीवर शर्ट वाळत होता,
खिशात कागदाचा एक गोळा,
आधी मऊ असेल,
आता मध्यम कडक.