मापारीण

खळ्यावर आबाजी ज्वारी मोजायचे तेव्हा
पहिल्या कुडवाला 'एक' म्हणत नसत.
लाभ. मग दोन. मग तीन.

मी धूळ मोजते.
वणीच्या अलीकडे, तीन नंबर इन्क्लाईनच्या डोक्यावर
टिनाच्या खोलीत एक काटा आहे, काचेच्या पेटीत.
बोटाचा ठसासुद्धा त्याला वजन वाटतो,
म्हणून चिमट्याने उचलते गोल पांढरा कागद,
जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा.
रात्रभर निळ्या खड्यांच्या बरणीत वाळवलेला.
खडे गुलाबी पडले की समजायचं, ओल आली,
आजचं वजन खोटं.

कागद खाली जातो कुणाच्या तरी कॉलरला लागून,
कमरेला पंप, माशीसारखा गुणगुणणारा.
आठ तासांत साधारण एक घनमीटर हवा ओढतो,
म्हणजे चारी बाजूंनी मीटरभर पेटी, हवेने भरलेली.
संध्याकाळी परत येतो कागद. तेव्हा आणखी एकदा तोलायचा,
दुसऱ्यातून पहिलं वजा.
उरतं ते रजिस्टरात.
दोनच्या आत असेल तर साहेब सही करून चहा मागवतात.

चैत्रातल्या एका मंगळवारी
पैकू टेकामचा कागद आला, गेला तसाच.
फेसवर ड्रिल चालवणारा माणूस,
डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या,
आणि कागद असा,
जणू आठ तास कुणी श्वासच घेतला नाही.
पंपाच्या क्लिपमध्ये
कडुनिंबाचं एक फूल अडकलेलं.

खाली चुन्याची पांढरी पूड मारलेल्या भिंती आहेत,
पडदे आहेत, पाण्याचे फवारे आहेत, पट्टा आहे.
कडुनिंब नाही.

"कुठं टांगला होता, पैकूभाऊ?"
तो हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला.
"तोंडाशी. जिथून ताजी हवा आत जाते तिथं.
धूळ जास्त निंघाली का मले वर बसवतेत, बाई.
खालचा भत्ता जाते.
पोरगी नर्सिंगले हाय माही."

मी फूल टेबलावर ठेवलं.
साहेबांना तो आकडा आवडला असता.
मला त्याची पोरगी माहीत आहे,
वणीच्या बसला उभी असते, पांढऱ्या ओढणीवर वही धरून.
बराच वेळ पेन हातात.
मग लिहिलं: नमुना रद्द.
पैकू तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

चौथ्या दिवशी स्वतःच आला, पंप छातीवर,
"भरून आनला, घे."
दोन पूर्णांक नऊ.
आकडा मी मोठ्याने वाचला नाही.
दोन अर्ज लिहिले त्या रात्री,
एक फवाऱ्यांचा, एक पैकूच्या भत्त्याचा.
पट्ट्याच्या वळणावरचे सात फवारे उघडले तेव्हा
पाचांची तोंडं क्षाराने बुजलेली,
चहाच्या किटलीत बसतो तसला थर.
सुईने टोकरले, दोन नवे बसवले.
पंधरा दिवसांनी: एक पूर्णांक सात.
भत्त्याच्या अर्जाला अजून उत्तर नाही.

एक पूर्णांक सात म्हणजे शून्य नव्हे.
हे मला माहीत आहे, पैकूलाही.
रविवारी शेतावर तो खोकतो तेव्हा
वेचायच्या कापसाकडे पाठ करतो.

काट्याचं दार लावायच्या आधी
माझा श्वास पेटीत शिरला तरी आकडा डळमळतो.
म्हणून मी श्वास धरते
आणि दुसऱ्याचा तोलते.
रोजचा पहिला कागद ठेवताना
तोंडातून सवयीने निघतं, ला...
मग तिथेच थांबते.
एक, म्हणते. एक.